न सादळणारी बेकन-चीजची बिस्किटं

तिखटमिठाची बिस्किटं घरी करून पाहिलेल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. ओव्हनमधून काढली तेव्हा खुसखुशीत होती, रात्री डबा उघडला तर सादळलेली. झरी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात ही तक्रार जास्तच. समुद्र जवळ, पावसाळ्यात भिंतींना ओल, मे महिन्यात अंगाला चिकटणारी हवा. मिठाच्या बरणीतही तांदळाचे दाणे टाकून ठेवावे लागतात. अशा हवेत चीज आणि बेकन घालून बिस्किटं करायची, तर नुसती प्रमाणं पाठ करून भागत नाही. कोणत्या जिन्नसात किती पाणी आहे आणि ते कोणत्या पायरीला घालवायचं, हे आधी नीट समजून घ्यावं लागतं.

या किनाऱ्यावरच्या बिस्किटांचा जन्मच मुळात पाणी घालवण्यातून झाला आहे. सुरतेच्या डच वखारीत पाव भाजण्याच्या भट्ट्या होत्या. डच लोक गेल्यावर त्या फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आल्या, असं सांगतात. तेव्हा पाव ताडी घालून फुगवत. उरलेला पाव भट्टीच्या ऊबेत सुकून कडक व्हायचा, महिनोन् महिने टिकायचा आणि चहात बुडवून खायला लोकांना आवडू लागला. मग तो मुद्दाम सुकवायला लागले, त्यात तूप आणि जिरं आलं, आणि त्यातून बटासा तयार झाला. आजही उदवाड्याला गेलेला माणूस जिऱ्याचा बटासा घेतल्याशिवाय परतत नाही, आणि उदवाडा तलासरीहून हायवेने तासाभराच्या अंतरावर आहे. तो बटासा हातात घेऊन मोडून बघा. आतपर्यंत कोरडा असतो, मधोमधही मऊपणा नाही. आपल्याला बेकन आणि चीज घालून तिथवर पोचायचं आहे, आणि हे दोन्ही जिन्नस पाण्याने भरलेले आहेत.

आधी बेकनचं बघू, कारण सगळ्यात जास्त बिस्किटं तिथेच बिघडतात. आपल्याकडे बेकन तलासरीच्या बाजारात मिळणार नाही. वापीच्या मोठ्या दुकानांत किंवा वसई-वांद्र्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मिळतं. वसईच्या ख्रिस्ती घरांत डुकराचं मांस नेहमीचं, त्यामुळे तिथल्या दुकानांत माल ताजा असण्याची शक्यता अधिक. लोकलने डहाणू रोडपर्यंत आणायचं असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पाकिटं घालून आणा आणि दुकानातून निघायच्या अगदी आधी घ्या. पाकिटात आत पाणी साचलेलं दिसलं किंवा पट्ट्यांच्या कडा करड्या, हिरवट झाल्या असतील तर ते पाकीट सोडून द्या.

बेकन म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस मीठ आणि नायट्राइट लावून मुरवलेलं आणि बहुधा धुरी दिलेलं. मुरवताना वजन वाढावं म्हणून कित्येक उत्पादक मिठाचं पाणी सुयांनी आत सोडतात. त्यामुळे १२० ग्रॅम बेकन तव्यावर टाकलं की आधी ते तळलं जात नाही, शिजतं. कुरकुरीत होईपर्यंत त्याचं वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. बाकीचं सगळं पाणी आणि चरबी होती. ही चरबी आणि पाणी तव्यावरच निघालं पाहिजे, बिस्किटात नाही.

तवा थंड असतानाच पट्ट्या पसरा आणि आच मंद ठेवा. तापलेल्या तव्यावर टाकलं तर कडा जळतात आणि मधली चरबी तशीच राहते. सुरुवातीला मोठे, पारदर्शक बुडबुडे येतील आणि तडतड होईल. ते पाणी बाहेर पडतंय. दहा-बारा मिनिटांनी तडतड उतरते, मोठे बुडबुडे जाऊन बारीक पांढरट फेस धरतो आणि पट्ट्या गडद तांबूस होतात. आवाज जवळजवळ थांबला की पाणी गेलं असं समजा, आणि त्यानंतर मिनिटभरच ठेवा. त्या क्षणी गॅसपासून उठून दुसरं काम करू नका, कारण पाणी संपल्यावर जळायला वेळ लागत नाही. पट्ट्या कागदावर काढा, वर दुसरा कागद ठेवून हलकेच दाबा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम बेकन चिरलं तर ते लवचीक असतं आणि सुरीखाली चिवट तुकडे पडतात. गार झाल्यावर बोटांनी मोडलं तर कडकड मोडलं पाहिजे. मोडलं नाही तर पुन्हा तव्यावर. मग हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करा. याहून मोठे ठेवले तर वळकटी कापताना सुरी अडते आणि बिस्किटाच्या कडा फाटतात.

तव्यात उरलेली चरबी गाळून वाटीत काढा आणि फ्रीजमध्ये ठेवा. पांढरी घट्ट झाली की तिच्यातली चमचाभर लोण्यासोबत पिठात घाला. बिस्किटाला धुरीचा वास मुख्यतः या चरबीनेच येतो, त्यामुळे ती ओतून टाकणं म्हणजे अर्धी चव ओतून टाकणं.

आता चीज. आपल्याकडे गावोगावी मिळतं ते अमूलसारखं प्रक्रिया केलेलं चीज. त्याच्या वजनाचा निम्म्याला थोडा कमी इतका भाग पाणी असतो. शिवाय त्यात सोडियमचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते तुपासारखं वितळून पसरत नाही, जागच्या जागी मऊ होतं. चेडर मिळालं तर त्यात पाणी कमी असतं आणि चवीला तीक्ष्णपणा जास्त, पण ते महाग आहे आणि डहाणूत सहज मिळेलच असं नाही. माझ्या मते साध्या क्यूब-चीजवरही बिस्किटं उत्तम होतात. फक्त एक काम आदल्या रात्री करायचं. चीज बारीक किसणीवर किसा, मोठ्या ताटात पातळ पसरा आणि झाकण न ठेवता रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजची हवा कोरडी असते. सकाळपर्यंत कीस सुटा आणि किंचित कडक होतो. ताटाजवळ लसूण, कांदा किंवा मासळी ठेवू नका, चीज वास लगेच ओढून घेतं.

लोणी घरचं असेल तर तेही तपासा. घरच्या ताज्या लोण्यात ताकाचं पाणी राहतं. थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन, ताटाच्या कडेला धरून पळीच्या पाठीने दाबून पाणी काढा आणि फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. बाजारचं खारं लोणी घेतलं तर बाकी कशातही मीठ घालू नका. घरच्या बिनमिठाच्या लोण्यावरही मी मीठ घालत नाही. बेकन आणि चीज दोन्ही खारट, ते पुरतं. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी ही बिस्किटं एक-दोनवरच थांबवावीत.

प्रमाण असं धरा: मैदा १५० ग्रॅम, नागलीचं पीठ ५० ग्रॅम, लोणी आणि बेकनची चरबी मिळून १०० ग्रॅम, किसलेलं चीज १०० ग्रॅम, कच्चं बेकन १२० ग्रॅम. त्यात एक चहाचा चमचा जाडसर कुटलेली मिरी, अर्धा चमचा लाल तिखट आणि एक चमचा शहाजिरं किंवा साधं जिरं भाजून. बेकिंग पावडर पाव चमचा घातली तर बिस्किट जरा हलकं होतं. न घालताही होतं आणि जास्त खुटखुटीत होतं. इतक्यात चाळीसेक बिस्किटं निघतात.

नागलीचं पीठ मी का घालतो ते सांगतो. झरीच्या आसपासच्या वारली घरांत भात, वरई आणि नागली ही ओळखीची पिकं. मैद्यात पाणी मिसळून मळलं की ग्लूटेन तयार होतं, ते पीठ ताणलं जातं आणि भाजल्यावर बिस्किट वातड होतं. नागलीत ग्लूटेन नाही. चौथा हिस्सा नागली घातली की तो ताण आपोआप कमी होतो, बिस्किट तोंडात विरघळतं, आणि तिची भाजकी, मातकट चव बेकनच्या धुरीशी फार छान जुळते. चौथ्या हिश्श्याहून जास्त घातली तर मात्र वळकटी कापताना भुगा होतो. पीठ दळून आणलं असेल तर आधी कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून पूर्ण गार करा. पावसाळ्यात मैदाही असाच ओलसर झालेला असतो. चाळताना चाळणीला गोळ्या चिकटल्या तर त्यालाही ताटात पसरून एक दिवस ऊन दाखवा, किंवा ऊन नसेल तर परतून घ्या, रंग न बदलता.

पीठ भिजवायची वेळ सकाळी लवकरची ठेवा. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी आपलं स्वयंपाकघर त्याच तापमानाला असतं. वितळलेलं लोणी पिठात मुरलं की बिस्किट भाजताना पसरतं आणि तेलकट होतं. मैदा आणि नागली परातीसकट अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. लोण्याचे लहान तुकडे करून पिठात टाका आणि फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात लावू नका, तळहात गरम असतो. पीठ रव्यासारखं दिसू लागलं की थांबा. मग चीज, मिरी, तिखट, जिरं, आणि सगळ्यात शेवटी बेकनचे तुकडे.

आता पाणी घालायचा मोह होईल, तो आवरा. मूठभर मिश्रण दाबून बघा. मुठीचा आकार राहिला तर एक थेंबही पाणी नको, चीजमधला उरलेला ओलावा पुरेसा आहे. फुटलं तर बर्फाचं पाणी चमच्याने घाला, एका वेळी एक चमचा, आणि दोन चमच्यांपुढे जाऊ नका. मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. त्याचे दोन भाग करून साधारण साडेचार सेंटिमीटर जाडीच्या वळकट्या वळा, बटर पेपरमध्ये किंवा स्वच्छ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि किमान दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. घाई करून तासाभरात कापायला घेतलं तर चकत्या दबून अंडाकृती होतात, आणि पातळ बाजू जळते तोवर जाड बाजू कच्ची राहते.

चकत्या अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जाड कापा. ओव्हन १७० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवा, ट्रे मधल्या खणात ठेवा. अठरा ते बावीस मिनिटं लागतात. घरगुती ओव्हनचा काटा आणि आतलं खरं तापमान यात बरंच अंतर असू शकतं, म्हणून पहिल्यांदा दोन-तीन बिस्किटंच भाजून बघा. त्यात मिठाचाही अंदाज येईल. अर्ध्या वेळेला ट्रे फिरवा. कडा सोनेरी आणि मध्यभाग फिकट पिवळा झाला की पहिली भाजणी संपली. यापुढे त्याच तापमानाला ठेवलं तर चीज कडवट होतं.

पण बिस्किट अजून तयार नाही. मध्यभागात पाणी आहे, आणि हेच पाणी रात्री डब्यात बाहेर येऊन सगळ्यांना सादळवतं. म्हणून ओव्हन बंद करा, दार चार बोटं उघडं ठेवा, दारात लाकडी चमचा अडकवला तरी चालेल, आणि बिस्किटं वीस मिनिटं तशीच आत राहू द्या. पावसाळ्यात बंद न करता ११०-१२० अंशांवर पंधरा मिनिटं सुकवा. सुरतेचा पाव भट्टीच्या उरलेल्या उबेत सुकायचा, तेच हे. त्यानंतर जाळीवर काढून पूर्ण गार होऊ द्या. कोमट बिस्किट डब्यात भरलं तर वाफ झाकणाला लागून खाली ठिबकते आणि सगळे कष्ट वाया जातात. गार झाल्यावर एक मोडून बघा. आवाज आला पाहिजे, आणि मध्यभाग दाबल्यावर चिकट लागता कामा नये.

ओव्हन नसेल किंवा वीज बेभरवशाची असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात करा. तळाला किलोभर जाडं मीठ पसरा, त्यावर पातेलं ठेवायची लोखंडी चौकट, घट्ट झाकण लावून मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं तापवा. मग बिस्किटांची ताटली आत ठेवून आच मंद करा. पंचवीस ते तीस मिनिटं लागतील, आणि वरची बाजू ओव्हनइतकी तांबूस होणार नाही. इथेही अडचण वाफेचीच आहे. बिस्किटांतून निघालेली वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला साचून खाली पडते. झाकणाला स्वच्छ सुती फडका बांधा, त्याची टोकं वर गाठीत घट्ट ओढून घ्या म्हणजे ज्वाळेकडे लोंबणार नाहीत, आणि शेवटची दहा मिनिटं झाकण तिरकं ठेवा. कुकर वापरायचा असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढा. हे मीठ गार करून बरणीत भरून ठेवा, पुन्हा पुन्हा याच कामाला येतं, स्वयंपाकात वापरू नका.

दिवाळीत नानकटाईचं पीठ घरून भिजवून गावातल्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि ती सोयीची आहे. पण बेकन घातलेलं पीठ कोणत्याही भट्टीवर न विचारता नेऊ नका. कित्येक बेकऱ्या मुसलमान कुटुंबांच्या आहेत, आणि त्याच ट्रेवर शाकाहारी घरांची बिस्किटंही भाजली जातात. भट्टीवर न्यायचं तर बेकन वगळून, चीज आणि जिऱ्याचं पीठ न्या. ती बिस्किटंही सुरेख होतात. घरीसुद्धा दोन प्रकार करणार असाल तर बेकनशिवायची आधी कापा, आधी भाजा, वेगळ्या डब्यात भरा, आणि शेजाऱ्यांना देताना कशात काय आहे ते स्पष्ट सांगा. कुणाचा विश्वास मोडू नये एवढी काळजी खाऊ वाटणाऱ्याने घ्यायलाच हवी.

बेकन मिळालं नाही म्हणून बेत रद्द करायचं कारण नाही. या किनाऱ्यावर खारट, वासाची, उन्हात वाळवलेली दुसरी वस्तू हाताशी आहे, ती म्हणजे सुका जवळा. ३० ग्रॅम जवळा निवडा, चाळणीत हलवून रेती काढा, धुऊ नका. तव्यावर मंद आचेवर सहा-सात मिनिटं भाजा. चुरगळून बघितल्यावर भुगा झाला पाहिजे. गार करून जाडसर कुटा आणि बेकनच्या जागी घाला, मिरीऐवजी लसणाची सुकी चटणी चमचाभर. चीज आणि सुकी मासळी एकत्र, हे वाचून नाक मुरडू नका, एकदा करून बघा. जवळा आधीच कोरडा असल्यामुळे ही बिस्किटं बेकनच्या बिस्किटांपेक्षा जास्त टिकाऊ आणि खुटखुटीत होतात, आणि खर्चही कितीतरी कमी. कोळंबी-जवळ्याची ॲलर्जी असणाऱ्यांपासून मात्र दूर ठेवा. गोव्याची चोरीस मिळाली तर तीही चालते. तिची लाल चरबी तव्यावर पूर्ण सोडवून काढा, मांस बेकनसारखंच कोरडं होईपर्यंत परता, आणि लाल तिखट वगळा.

साठवण्याबद्दल ढिलाई नको, कारण यात मांस आहे. बेकनची बिस्किटं केली त्या दिवशी बाहेर ठेवा, उरलेली हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये, आणि चार-पाच दिवसांत संपवा. डब्यात तळाला जाड कागद घाला. प्रवासाला न्यायची असतील तर सकाळी भाजून संध्याकाळच्या आत संपतील इतकीच न्या. सादळलीच तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार करा. गरम असताना मऊ लागली म्हणून घाबरून जास्त भाजू नका, खुसखुशीतपणा गार झाल्यावरच येतो.

रोज थोडी ताजी हवी असतील तर भाजलेली बिस्किटं साठवण्यापेक्षा कच्च्या वळकट्या साठवणं जास्त शहाणपणाचं. प्लास्टिकमध्ये दोनदा गुंडाळून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये महिनाभर ठेवता येतात. वीज बराच वेळ गेली आणि वळकटी आतपर्यंत मऊ झाली तर ती पुन्हा गोठवू नका, त्याच दिवशी भाजून टाका. पाहुणे आले की वळकटी बाहेर काढून दहा मिनिटं थांबा, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या, लागतील तेवढ्याच चकत्या कापा आणि नेहमीच्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त भाजा.